डिजिटल संगीतयंत्राला पूर्ववर्धक हवा काय ?

घरांत गाणें ऐकण्यासाठीं चांगलें यंत्र घ्यावयाचें एकदां ठरलें, म्हणजे कुटुंबांत पहिले चार दिवस उत्साहाचे जातात आणि पुढले चार आठवडे शंकांचे. दुकानांत गेलेल्या गृहस्थापुढें एकामागून एक पेट्या मांडल्या जातात. पहिली पेटी आंकड्यांच्या रूपांत साठविलेल्या संगीताचें विद्युल्लहरींत रूपांतर करते. तिला डॅक असें म्हणतात. शेवटची पेटी त्या लहरींना लाउडस्पीकर हलविण्याइतकें बळ देते. ती पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे शक्तिवर्धक. या दोहोंच्या मध्यें आणखी एक पेटी ठेवण्याची वहिवाट आहे. तिचें नांव प्रीॲम्प्लिफायर, अर्थात् पूर्ववर्धक. या मधल्या पेटीची किंमत कधीं कधीं शक्तिवर्धकाच्याहि वर जाते, आणि वादहि तिच्यावरूनच होतो. विक्रेता सांगतो कीं, तिच्यावांचून संगीताला भरदारपणा यावयाचा नाहीं. घरांतला कॉलेजांत जाणारा मुलगा सांगतो कीं, डिजिटल युगांत ती पेटी म्हणजे केवळ अडगळ. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्यांश आहे, आणि दोघांचेंहि म्हणणें अपुरें आहे. हा प्रश्न नुसत्या अभिरुचीचा मानून सोडून देण्याचें मात्र कारण नाहीं. थोडा इतिहास आणि थोडें अंकगणित जवळ असलें, तर प्रत्येक घराला आपल्यापुरतें निश्चित उत्तर काढतां येतें.

पूर्ववर्धकाचें महत्त्व वाढलें तें मुख्यतः ग्रामोफोनच्या सुईमुळें. तबकडीच्या खांचेंतून फिरणारी सुई जी विद्युल्लहर निर्माण करते, ती अत्यंत क्षीण असते. फिरत्या चुंबकाच्या पिकपमधून निघणारा दाब सामान्यतः ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे फार तर व्होल्टचा दोनशेंवा भाग. फिरत्या वेटोळ्याच्या पिकपमध्यें तर तो त्याच्याहि दहाव्या हिश्शाच्या आसपास. उलट शक्तिवर्धकाला पूर्ण जोरानें काम करण्यास साधारणपणें १ ते २ व्होल्ट लागतात. अर्थात् मध्यें कोणीतरी त्या लहरीला शेंकडों पट मोठें करणें प्राप्तच होतें.

दुसरेंहि एक काम होतें. तबकडी कोरतांना खर्जाचे स्वर मुद्दाम लहान व तारस्वर मुद्दाम मोठे करून कोरतात. तसें न केल्यास खर्जाच्या हेलकाव्यानें एक खांच शेजारच्या खांचेवर जाईल, आणि नाजुक तारस्वर तबकडीच्या खरखरींत बुडून जातील. अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-व्यवसायाच्या संघटनेनें १९५४ सालीं या फेरफाराचें प्रमाण ठरविलें : २० हर्ट्झला सुमारें २० डेसिबलची घट आणि २०,००० हर्ट्झला जवळजवळ तितकीच वाढ. ऐकतांना याच्या नेमका उलट फेरफार करून मूळ गाणें पूर्ववत् करावें लागतें. तें कामहि पूर्ववर्धकाकडेच आलें. डी. टी. एन. विल्यमसन यांनीं १९४७ सालीं ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकांत आपल्या सुप्रसिद्ध शक्तिवर्धकाची रचना छापली, आणि १९४९ सालीं ग्रामोफोनसाठीं त्याच्या जोडीला लागणाऱ्या मंडलांची. दोन पेट्या वेगळ्या ठेवण्यांत शहाणपण होतें. कारण शक्तिवर्धकांतील मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट इतक्या क्षीण लहरींत मिसळूं नये, हें पाहावें लागे.

मोटेचें उदाहरण घेतलें म्हणजे ही जुनी व्यवस्था ध्यानांत येईल. पाणी विहिरीच्या तळाशीं होतें. तें वर ओढल्यावांचून पाटाला लागत नव्हतें. पूर्ववर्धक ही ती मोट होती. पुढें १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली आणि स्थिति एकदम पालटली. डिस्क वाजविणाऱ्या यंत्रांतून निघणारा दाब ऐन भरांत सुमारें २ व्होल्ट असे, आणि आजच्या घरगुती डॅकचाहि साधारण तितकाच असतो. कांहींचा त्याच्या दुप्पट. म्हणजे पाणी आतां विहिरींत राहिलें नाहीं. तें गच्चीवरच्या टाकींत आहे. तेथें मोटेचें प्रयोजन नाहीं. प्रयोजन आहे तें तोटीचें.

या एका गोष्टींत साऱ्या प्रश्नाचें सार आहे. डिजिटल यंत्राला आवाज वाढविण्यासाठीं पूर्ववर्धकाची गरज नसते. आवाज आवरण्यासाठीं कांहीं तरी साधन लागतें. तेव्हां विचारावयाचा प्रश्न ‘पूर्ववर्धक हवा कीं नको’ असा नसून, ‘आवाज कोठें, कशानें आणि किती आवरला जाणार’ असा आहे. त्याच्या जोडीला दोन लहान कामें उरतात : अनेक साधनांतून हवें तें निवडणें, आणि लांब तारेतून लहर न बिघडवितां पुढें ढकलणें.

बाजारांत जाण्यापूर्वीं प्रथम घरांतल्या वस्तूंकडे नीट पाहावें. ज्या एका पेटींत आवाजाचें बटण व शक्तिवर्धक दोन्ही असतात, त्या इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरमध्यें पूर्ववर्धकाचें काम करणारा भाग आंतच असतो. ज्या लाउडस्पीकरच्या पोटांतच शक्तिवर्धक बसविलेला असतो, त्यांच्यावरहि बहुधा आवाजाचें बटण असतें. अशा घरांना वेगळा पूर्ववर्धक घेण्याचें कारण क्वचितच पडतें. प्रश्न खरा उभा राहतो तो वेगळा डॅक आणि वेगळा शक्तिवर्धक असलेल्या घरांत. डॅकवर आवाज कमीजास्त करण्याची सोय असेल, तर त्याची तार सरळ शक्तिवर्धकाला जोडावी कीं नाहीं, एवढेंच तेथें ठरवावयाचें असतें.

येथें एक आक्षेप हटकून निघतो. डॅकमधील आवाजाचें नियंत्रण पुष्कळदां आंकड्यांचेंच असतें. आवाज कमी करणें म्हणजे तेथें आंकडे लहान करणें. डिस्कवरील प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो, आणि एक बिट म्हणजे सुमारें ६ डेसिबल. तेव्हां आवाज ६ डेसिबलनें उतरविला कीं एक बिट गेला, २४ डेसिबलनें उतरविला कीं चार गेले, मग गाण्यांतली बारीक नक्षी राहिली कोठें, असें विचारतात. ज्या काळीं साराच हिशेब १६ बिटांत होत असे, त्या काळीं हा आक्षेप खरा होता. आजचे डॅक तो हिशेब २४ वा ३२ बिटांत करतात. १६ बिटांचें गाणें २४ बिटांच्या घरांत ठेवलें, म्हणजे खालीं आठ बिटांची मोकळी जागा उरते. त्यामुळें आवाज ४८ डेसिबलनें उतरेपर्यंत गाण्याचा शेवटचा बिटहि त्या घराबाहेर पडत नाहीं.

मात्र एवढ्यानें समाधान मानणेंहि बरोबर नव्हे. डॅकच्या पेटीवर २४ बिट असें लिहिलेलें असलें, तरी २४ बिटांची १४४ डेसिबल ही कागदावरची मर्यादा प्रत्यक्षांत कोणताहि डॅक गांठीत नाहीं. उत्तम डॅकची स्वतःची कुजबूज पूर्ण आवाजाहून सुमारें १२० डेसिबल खालीं असते. म्हणजे खरी पोंच २० बिटांच्या आसपास. आणि महत्त्वाची गोष्ट ही कीं, आंकडे लहान केल्यानें गाणें लहान होतें, कुजबूज लहान होत नाहीं. ती डॅकच्या बाहेर पडण्याच्या दारांतच उभी असते. उलट डॅकच्या पुढें, तारेच्या मार्गांत आवाज आवरला, तर गाणें व कुजबूज दोन्ही सारख्याच प्रमाणांत खालीं जातात. आंकड्यांचें नियंत्रण आणि तारेंतलें नियंत्रण यांच्यांत खरा फरक आहे तो हा. आणि तो ऐकूं येईल कीं नाहीं, हें हिशेबानें ठरतें.

एक साधारण घर घेऊं या. डॅकचा पूर्ण दाब २ व्होल्ट, आणि त्याची कुजबूज त्याहून ११८ डेसिबल खालीं, म्हणजे सुमारें अडीच मायक्रोव्होल्ट. शक्तिवर्धक आलेला दाब २० पट करतो. तेव्हां लाउडस्पीकरपाशीं कुजबूज ५० मायक्रोव्होल्ट झाली. लाउडस्पीकर असा कीं, २·८३ व्होल्टला एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देतो. ५० मायक्रोव्होल्ट हे त्याहून सुमारें ९५ डेसिबल खालीं. अर्थात् एक मीटरवर कुजबुजीची पातळी शून्याच्याहि सात डेसिबल खालीं गेली. आणि शून्य डेसिबल ही तरुण, निकोप कानाची ऐकण्याची सीमा धरतात. रात्रीं सारें निजल्यावर तंबोऱ्याच्या मंद झंकारासह आलाप ऐकावयास बसलें, तरी या डॅकची कुजबूज कानीं येणार नाहीं. अशा घरांत केवळ शांततेसाठीं पूर्ववर्धक घेणें म्हणजे न गळणाऱ्या छपराची शाकारणी होय. त्यांत त्या पेटीची स्वतःची कुजबूज मात्र मिळते.

आतां दुसरें घर पाहूं या. येथें लाउडस्पीकर मोठ्या कर्ण्याचे आहेत. त्याच २·८३ व्होल्टला ते १०५ डेसिबल देतात. डॅक साधा, कुजबूज पूर्ण आवाजाहून १०० डेसिबलच खालीं, म्हणजे २० मायक्रोव्होल्ट. वीसपट होऊन ती ४०० मायक्रोव्होल्ट झाली, आणि एक मीटरवर तिची पातळी २८ डेसिबल भरली. निवांत खोलींत हा ‘स्स्’ असा आवाज गाण्याच्या विसाव्याच्या जागीं स्पष्ट ऐकूं येतो. या घराला तारेंतलें नियंत्रण खरोखर हवें आहे. तें पूर्ववर्धकानें साधेल; परंतु त्याहून पुष्कळ स्वस्त उपायानेंहि साधेल. डॅक व शक्तिवर्धक यांच्या मध्यें २० डेसिबलचा लहानसा ॲटेन्युएटर, म्हणजे रोधांचा ठोकळा, बसविला, तर २८ डेसिबलची कुजबूज ८ वर येते. कांहीं शक्तिवर्धकांवर त्यांची पटच कमी करण्याची कळ असते; ती असल्यास ठोकळाहि लागत नाहीं.

कोणतें घर कोणत्या जातीचें, हें ओळखण्याची एक सोपी खूण आहे. नेहमींच्या ऐकण्याच्या वेळीं डॅकचें नियंत्रण पूर्ण आवाजाहून किती डेसिबल खालीं असतें, तें पाहावें. तें १० ते २५ च्या दरम्यान असेल, तर सारें ठीक आहे. नेहमींच ४० च्या खालीं ठेवावें लागत असेल, तर यंत्रांची पट घराच्या मानानें फार झाली आहे, आणि ती आधीं कमी केली पाहिजे. त्यानंतर गाणें थांबवून बसावयाच्या जागेवरून कान द्यावा. कांहीं ऐकूं येत असेल, तर डॅकची तार काढून शक्तिवर्धकाच्या तोंडाला शॉर्ट केलेला प्लग लावावा. यंत्र बंद ठेवूनच हा बदल करावा, हें सांगावयास नकोच. आवाज तसाच राहिला, तर दोष शक्तिवर्धकाचा आहे, आणि जगांतला कोणताहि पूर्ववर्धक तो घालवूं शकत नाहीं.

नुसत्या रोधांचें केलेलें आवाजाचें बटण, ज्यास पॅसिव्ह प्रीॲम्प म्हणतात, तेंहि पुष्कळांस मोह पाडतें. त्यांत वीज लागत नाहीं व स्वतःची कुजबूज अत्यल्प असते. परंतु त्याला तारेची लांबी सोसत नाहीं. दर मीटरला १०० पिकोफॅरड धारकतेची तार ५ मीटर लांब घेतली, आणि बटण ५० किलोओहमचें असलें, तर सर्वांत प्रतिकूल जागीं २०,००० हर्ट्झपाशीं सुमारें २ डेसिबलची घट येते. तंतुवाद्याच्या झंकाराची वरची लकाकी थोडी मावळते. बटण १० किलोओहमचें घेतलें, तर तीच घट डेसिबलच्या दहाव्या भागावर येते. म्हणून असें बटण कमी रोधाचें घ्यावें, आणि तें शक्तिवर्धकाच्या शेजारींच ठेवावें. यंत्रें खोलीच्या दोन टोकांना ठेवणें भागच असेल, तर लांब तार समर्थपणें हांकणारा वीज-चलित पूर्ववर्धक, किंवा तसें सामर्थ्य असलेला डॅक, यांचा उपयोग खरा आहे.

येथवर गोडीचा व पैशाचा विचार झाला. याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे, आणि त्याची चर्चा दुकानांत सहसा होत नाहीं. डॅक सरळ शक्तिवर्धकाला जोडला, म्हणजे भरल्या टाकीखालीं एकच तोटी उरते. आणि ती तोटी कधीं कधीं एखाद्या प्रोग्रॅमच्या हातीं असते. कांहीं डॅकना आवाजाचें नियंत्रणच नसतें. ते नेहमीं पूर्ण २ व्होल्ट देतात. कांहीं यंत्रें वीज जाऊन आल्यावर, अथवा प्रोग्रॅमची नवी आवृत्ति आल्यावर, आवाज पूर्वींच्या जागीं न ठेवतां पूर्ण भरावर नेतात. कॉम्प्युटरमधून गाणें वाजत असेल, तर गाण्याचा आवाज आवरलेला असतांहि एखाद्या सूचनेची घंटा पूर्ण जोरानें वाजूं शकते. वरच्या उदाहरणांतला शक्तिवर्धक १०० वॉटचा धरला, तर ८ ओहमच्या लाउडस्पीकरवर त्याचा सारा जोर १·४ व्होल्टांतच संपतो. २ व्होल्ट आले कीं तो पूर्ण भरांत जाऊन लहर फाडूं लागतो. ८८ डेसिबलच्या त्या लाउडस्पीकरमधून एक मीटरवर १०८ डेसिबल निघतात. तारस्वरांच्या लहान लाउडस्पीकरचें नाजुक वेटोळें अशा वेळीं जळूं शकतें.

कानांचें नुकसान त्याहून मोठें, कारण कान बदलून मिळत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. गाण्याची सरासरी शिखराहून दहा डेसिबल खालीं, म्हणजे ९८ धरली, तरी सबंध आठवड्याची शिधा सदतीस-अडतीस मिनिटांत संपते. घरांत लहान मूल असलें, आणि त्याचा हात कोठें पडेल याचा नेम नसला, तर ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाहीं.

म्हणून सरळ जोडणी करणाऱ्यानें तीन नियम पाळावे. पहिला, यंत्र चालू होतांना आवाज किती असावा व जास्तींत जास्त किती जावा, या दोन्ही मर्यादा डॅकमध्यें घालून ठेवतां येत असतील, तर त्या घालाव्या. दुसरा, शक्तिवर्धक सर्वांच्या शेवटीं सुरू करावा आणि सर्वांच्या आधीं बंद करावा. तिसरा, मध्यें रोधांचा ठोकळा ठेवून टाकीचा जोरच असा कमी करावा कीं, तोटी पूर्ण उघडी राहिली तरी घराला सोसेल इतकेंच पाणी यावें. जेथें हे नियम पाळणें शक्य नाहीं, तेथें हातानें फिरवावयाचें, डोळ्यांना दिसणारें एक बटण मध्यें असणें ही चैन नव्हे, गरज आहे. मग तें बटण पूर्ववर्धकावरचें असो वा साध्या पेटीवरचें.

ज्या घरांत जुन्या तबकड्या जपून ठेवलेल्या आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. सुईला मोट अजूनहि हवीच. परंतु त्यासाठीं पूर्ण पूर्ववर्धक घेण्याऐवजीं फोनो प्रीॲम्प ही लहान पेटी पुरते. तिच्यांतून निघणारी लहर मात्र साध्या रूपाची, आंकड्यांची नव्हे. ती घेण्याची सोय डॅकला नसेल, तर ग्रामोफोन व डॅक यांतून निवड करणारी पेटी मध्यें आलीच, आणि तेथें पूर्ववर्धकाचें स्थान रास्त ठरतें. अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९५४ च्या प्रमाणापूर्वींच्या असल्यामुळें त्यांना निराळी सुई व निराळा स्वरफेर लागतो. त्या ऐकणाऱ्या रसिकानें तसा फेर बदलतां येणारी पेटी विचारून घ्यावी.

राहतां राहिला तो भरदारपणा. व्हॉल्व्हच्या कांहीं पूर्ववर्धकांतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीच्या कंपनांची किंचित् भर पडते, आणि ती पुष्कळांच्या कानाला गोड लागते. बासुंदींत जायफळ घालावें तशी ही रुचीची बाब आहे. ती हौस असण्यांत गैर कांहींच नाहीं. मात्र तुलना न्यायानें व्हावी. दोन यंत्रांपैकीं एक अगदीं किंचित् मोठें वाजत असलें, तर तेंच कानाला सरस वाटतें. म्हणून पेटी आठवडाभर घरीं आणावी, लाउडस्पीकरपाशीं व्होल्टमापक लावून दोन्ही जोडण्यांचा दाब शंभरांत एकाच्या फरकापर्यंत सारखा करावा, आणि पेटी आहे कीं नाहीं हें ऐकणाऱ्यास न सांगतां घरांतल्या दुसऱ्या कोणीं अदलाबदल करावी. वीसपैकीं दहा-अकरा वेळांच ओळख पटली, तर तो नाणेफेकीचा कौल समजावा, आणि पैसे चांगल्या लाउडस्पीकरकडे वळवावे. कारण खोलींत ऐकूं येणारा फरक तेथें कितीतरी अधिक असतो.

सारांश, ज्या घरांत सारें संगीत आंकड्यांच्या रूपांत येतें, डॅकवर आवाजाची सोय आहे, यंत्रांची पट घराच्या मानाची आहे आणि मर्यादा घालून ठेवलेल्या आहेत, त्या घराला पूर्ववर्धकाची गरज नाहीं. ज्या घरांत ग्रामोफोनसारखीं अनेक साधनें आहेत, तारा लांब आहेत, किंवा आवाज केवळ एखाद्या प्रोग्रॅमच्या भरंवशावर सोडलेला आहे, त्या घरानें तो अवश्य घ्यावा, अथवा त्याचें उणें पडलेलें काम दुसऱ्या साधनानें भरून काढावें. विक्रेत्याचें व मुलाचें भांडण मिटविण्यास फार मोठी विद्या लागत नाहीं. रात्रीं गाणें संपल्यावर तंबोरा थांबतो, त्या क्षणीं खोलींत काय उरतें तें ऐकावें. आणि सकाळीं वीज जाऊन आल्यावर आवाज कोठें उभा राहतो तें, शक्तिवर्धक बंद ठेवून, पाहावें. या दोन परीक्षांत जें घर उतरलें, तेथें मधल्या पेटीची जागा रिकामी राहिली तरी गाण्याचें कांहीं उणें होणार नाहीं.